सरकारी शाळा, चार वर्षं वापरून झाल्यावरचा रिव्ह्यू

आधीच सांगते, लांबलाय. पण शाळेवर दोन ओळीत रिव्ह्यू लिहिणारे मला कळतच नाहीत, "छान शाळा, मोठं ग्राउंड, शिस्त आहे" एवढं टाकून मोकळे, अहो ग्राउंड काय वाचायला शिकवतं का पोरांना. मिक्सर घ्यायचा तर आपण चार दिवस घासतो, वॉरंटी बघतो, कुणाचा जळला कुणाचा टिकला ते सगळं वाचतो, आणि जिथे पोरगं रोज पाच-सहा तास बसणार त्या जागेबद्दल मात्र शेजारच्या काकू म्हणाल्या "रिझल्ट चांगला आहे हो" की आपलं ठरलं. मीही थोरल्याच्या वेळी तेच केलं. खाजगी शाळा, टाय, डायरी, स्टेजवर नाच. त्याचं बरं चाललंय, त्याबद्दल काही म्हणणं नाही. हा रिव्ह्यू धाकटीच्या सरकारी शाळेचा. दुसरीत घातली, आता पाचवी संपत आली. शाळेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, उगाच तिथल्या शिक्षकांना वरून विचारणा व्हायची, आणि तसंही यातलं बरंचसं कुठल्याही सरकारी शाळेला लागू पडेल.

स्टार साडेतीन. गेल्या वर्षी विचारलं असतं तर साडेचार दिले असते. एक कुठे गेला ते खाली येईलच.

का घातली? आदर्शवाद वगैरे काही नव्हता, खोटं कशाला बोलू. घरापासून चालत सात मिनिटं आणि दोघांच्या फीचं गणित बसेना, बस एवढंच. नवरा म्हणाला एक वर्ष बघू, नाही जमलं तर काढू. सासूबाई महिनाभर माझ्याशी धड बोलल्या नाहीत.

पहिलं इम्प्रेशन वाईट होतं. रंग उडालेला, एका वर्गाचं दार उचलून धरल्याशिवाय लागत नाही, फळा इतका गुळगुळीत झालेला की डाव्या कोपऱ्यात खडू उमटतच नाही, बाई तेवढा भाग सोडूनच लिहायच्या. मुलींच्या टॉयलेटची कडी चार महिने तुटलेली होती. चार महिने! एक मुलगी आत, दुसरी बाहेर दार धरून उभी. ही गोष्ट मी कधीच माफ करणार नाही, कारण कडी बसवायला कुठलं धोरण लागत नाही, एक स्क्रू ड्रायव्हर लागतो. शेवटी आम्ही तिघी आया ऑफिसात जाऊन उभ्या राहिलो, बसा म्हणाले तरी बसलो नाही, दुसऱ्या दिवशी कडी बसली. कस्टमर केअरबद्दल कुणी विचारलं तर हे उत्तर: आहे, पण जाऊन उभं राहावं लागतं.

आता मुख्य गोष्ट. शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात बाईंनी एकेका पोराला व्हरांड्यात बोलावून एक कागद वाचायला दिला. वर्गात नाही, व्हरांड्यात, म्हणजे अडखळलं तर बाकीच्यांनी हसायला नको. कागदावर वर सुटी अक्षरं, त्याखाली शब्द, मग चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद, मग चित्र असलेली छोटी गोष्ट. मी त्या दिवशी काहीतरी सही करायला गेले होते म्हणून लांबून बघायला मिळालं. आमची धाकटी एकदम तोऱ्यात. घरी तिला सगळ्या कविता पाठ, पुस्तक उघडून बोट फिरवत घडाघडा म्हणायची, आम्हाला वाटायचं पोरगी वाचते. गोष्टीतल्या चित्रात पाऊस होता, ती म्हणाली "पाऊस पडत होता". कागदावर होतं "पाऊस थांबला होता". बाई काही बोलल्या नाहीत. नुसता तळहात त्या चित्रावर ठेवला आणि म्हणाल्या, आता वाच. पोरगी गप्प. मग "पा... ऊ... स" आणि "थांबला"वर गाडी थांबली ती थांबलीच.

मला तिथल्या तिथे कळलं की हिला वाचता येत नाही. आधीच्या शाळेत दीड वर्षं काढलं होतं तिने, तिथे प्रगतिपुस्तकावर "उत्तम" होतं.

दुसऱ्या दिवशी कळलं की रोज एक तास पहिली ते चौथीची पोरं वर्ग मोडून वेगळी बसतात, ज्याला जेवढं वाचता येतं त्या गटात. अक्षरवाले एकीकडे, शब्दवाले एकीकडे, परिच्छेदवाले एकीकडे. आमची शब्दवाल्यांत. तिच्यासोबत पहिलीची चार पिल्लं आणि चौथीतला एक उंच मुलगा. मी भांडायला गेले, हो गेलेच, लपवत नाही. म्हटलं माझी मुलगी दुसरीत आहे आणि तुम्ही तिला पहिलीत बसवताय. बाई वही तपासत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "ताई, महिनाभर थांबा. नाही सरकली पुढे तर परत भांडायला या, मी इथेच असते."

दीड महिन्यात ती परिच्छेदात गेली, दिवाळी सुट्टीनंतर गोष्टीत. परत भांडायला जायची वेळ आली नाही.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की ही बाईंच्या डोक्यातून निघालेली आयडिया नाही, यामागे बरंच मोठं काम आहे. २००१ च्या सुमारास मुंबईत आणि वडोदऱ्यात 'प्रथम' नावाच्या संस्थेने बालसखी नावाचा कार्यक्रम चालवला, वर्गात मागे पडलेल्या पोरांना वस्तीतलीच एखादी शिकलेली मुलगी रोज दोन तास वेगळं बसवून फक्त मूळचं वाचन आणि गणित शिकवायची. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो हे अर्थतज्ज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते नीट मोजलं, काही शाळांत तिसरीला बालसखी आणि काही शाळांत चौथीला असं करून, तर मार्क खरंच वाढलेले निघाले आणि जास्त फायदा तळातल्या पोरांना. पुढे त्याचंच वयाऐवजी पातळीप्रमाणे गट करण्यात रूपांतर झालं आणि ते आफ्रिकेतल्या देशांपर्यंत गेलं. २०१९ चं अर्थशास्त्राचं नोबेल या दोघांना आणि मायकेल क्रेमर यांना मिळालं ते अशाच प्रकारच्या प्रयोगांच्या कामासाठी.

या क्रेमरांचा अजून एक प्रयोग मला जास्त झोंबला. केनियातल्या खेड्यांतल्या शाळांत पोरांकडे पुस्तकं नव्हती म्हणून पुस्तकं वाटली. सगळ्यांना वाटलं आता मार्क वाढणार. सरासरीत काहीच हाललं नाही. वाढले ते फक्त आधीच पुढे असलेल्या पोरांचे, कारण पुस्तकं इंग्रजीत, आणि बऱ्याच पोरांना ती वाचताच येत नव्हती. आता यात अन्याय कुणी केला सांगा बरं? कुणीच नाही. सगळ्यांना सारखंच पुस्तक दिलं. मी हे वाचून आमच्या शाळेकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले, म्हणजे शाळेत काय काय आहे ते मोजायचं सोडलं आणि जे आहे ते मागच्या बाकापर्यंत पोचतं का ते बघायला लागले.

मागचा बाक म्हणजे आमच्या शाळेत अक्षरशः एक मुलगा आहे. धाकटीच्याच वर्गात. दोन वर्षं "लक्ष नाही", "मस्ती करतो", "शेजारच्याच्या वहीतून उतरवतो" असं त्याचं सगळं चालू होतं. तिसरीत बाईंच्या लक्षात आलं की तो वहीतलं वाचतो पण फळ्यावरचं नाही, आणि उतरवताना शेजारच्याच्या वहीवर अगदी नाक टेकवतो. डोळे तपासले, मोठा नंबर निघाला. चष्मा आला त्या दिवशी धाकटी घरी येऊन सांगत होती की तो दिवसभर खिडकीतून झाडाकडेच बघत बसला, त्याला म्हणे पानं वेगवेगळी दिसत होती. दोन वर्षं त्याच्या नावावर मस्तीखोर लागलं ते वेगळंच. अमेरिकेत बाल्टिमोर शहरात सरकारी शाळांतल्या पोरांना शाळेतच डोळे तपासून मोफत चष्मे दिले होते, तिसरी ते सातवी, त्याचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वर्षभरात वाचनाच्या चाचणीत फरक दिसला आणि जास्त फरक मागे असलेल्या पोरांत. एवढे शिक्षणतज्ज्ञ आणि एवढ्या समित्या, आणि कुठेतरी एका पोराला नुसतं दिसत नसतं.

आमच्या शाळेत ही तपासणी दरवर्षी होते असं कागदावर आहे. प्रत्यक्षात बाईंनी पाहिलं म्हणून झाली. अर्धा स्टार बाईंचा, शाळेचा नाही.

आता वर्गातली पोरं. दुसरीत ४१ होती, तिसरीत दुसरी तुकडी निघाली आणि २६ झाली. फरक? जमीन-अस्मानाचा. ४१ मध्ये बाई वही तपासायच्या म्हणजे पानावर बरोबरची खूण करायच्या, २६ मध्ये चूक कुठे झाली ते लिहायला लागल्या. "हातचा विसरलीस" असं लाल पेनने लिहिलेलं पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी फोटो काढून बहिणीला पाठवला होता, ती म्हणाली यात काय विशेष, तिचा मुलगा महागड्या शाळेत आहे, तिला नाही कळणार.

यावर सगळ्यात गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला, १९८५ ते १९८९. ७९ शाळा, ११ हजारांवर पोरं, चिठ्ठ्या टाकल्यासारखी वाटून दिली, काही १३ ते १७ पोरांच्या वर्गात, काही २२ ते २५ च्या वर्गात, आणि काही २२ ते २५ च्याच वर्गात पण बाईंना एक मदतनीस देऊन. छोट्या वर्गातली पोरं पुढे गेली, आणि गरीब घरातल्या व कृष्णवर्णीय पोरांना फायदा जास्त. मदतनीसाने फारसा फरक पडला नाही. हे ऐकून कॅलिफोर्नियाने १९९६ मध्ये सगळ्या राज्यात लहान इयत्तांचे वर्ग २० वर आणायचं ठरवलं, पैसे दिले, घाईत केलं. आता एवढे वर्ग उघडायचे तर तेवढे शिक्षक हवेत, ते कुठून येणार, मग ज्यांचं ट्रेनिंग पुरं नाही तेही घेतले, आणि चांगल्या वस्तीतल्या शाळांत नव्या जागा निघाल्यावर गरीब वस्तीतले अनुभवी शिक्षक तिकडे उठून गेले. म्हणजे ज्यांच्यासाठी केलं त्यांच्याच वर्गात कच्चे शिक्षक आले. आमच्याकडे नशिबाने दुसरी तुकडी जुन्याच बाईंना मिळाली, नव्या सरांना पहिली. त्या वर्षी पहिल्या तुकडीत ज्यांची पोरं होती त्यांचा रिव्ह्यू वेगळा असणार, हे मान्य करते.

टॅब्लेटबद्दल जास्त लिहीत नाही, लिहिण्यासारखं काही नाही. आले, फोटो निघाले, हेडसरांच्या कपाटात गेले. चावी हेडसरांकडे, हेडसर मीटिंगला. मधे एकदा काढले तेव्हा निम्मे चार्ज नव्हते. पण मला त्याचं फार दुःख नाही, कारण पेरूने ग्रामीण भागातल्या शाळांत पोरागणिक लॅपटॉप वाटले होते, ३१९ शाळांचा अभ्यास झाला, गणितात नाही आणि भाषेतही नाही, मार्कांत काही फरक सापडला नाही. कपाटात नव्हते बरं का, पोरं वापरत होती, तरी. पालकांच्या ग्रुपवर मात्र "शाळा डिजिटल झाली" म्हणून सगळ्यांनी लाईकचे अंगठे टाकले होते, मीही.

आता तक्रारी, आणि गेलेला स्टार.

पहिली, पालक सभा. सकाळी अकरा वाजता, कामाच्या दिवशी. म्हणजे ज्यांना रजा मिळते तेच येणार, किंवा माझ्यासारख्या घरून काम करणाऱ्या. त्या चष्मेवाल्या मुलाची आई एकाही सभेला आलेली मी पाहिली नाही, आणि ती येत नाही याचा अर्थ दरवेळी "पालकांना रस नाही" असा लिहिला जातो. मी एकदा विचारलं की संध्याकाळी ठेवा ना, तर नियम नाही म्हणाले. मग सभेत कुणाचे प्रश्न येतात? आमचे. स्नेहसंमेलन कधी, ट्रिप कुठे, गणवेशाचा रंग जरा गडद का नाही. वाचनाच्या तासाबद्दल चार वर्षांत एकाही पालकाने प्रश्न विचारला नाही, आणि पहिल्या वर्षी मी विचारलेला प्रश्न भांडणाचा होता.

दुसरी, प्रोजेक्ट. "पाण्याचे चक्र" थर्माकोलवर. हे कुणाचं पोरगं करतं हो? आमच्याकडे नवऱ्याने रात्री साडेअकरापर्यंत ढग चिकटवले. धाकटीला त्यात दहापैकी नऊ, म्हणजे नवऱ्याला नऊ. ज्याच्या घरी थर्माकोल नाही आणि ढग चिकटवणारा बाप रात्रपाळीला आहे त्या पोराने वहीत पेन्सिलने काढलं होतं, सहा. हे मार्क प्रगतिपुस्तकात जातात. बाई चांगल्या असूनही हे त्यांच्या लक्षात आलं नाही, मी सांगितल्यावर म्हणाल्या "हो की", आणि पुढचा प्रोजेक्ट वर्गात बसून करून घेतला. सगळ्यांचा वेडावाकडा आला, फार गोड होता.

तिसरी, शिक्षक शाळेत नसणं. इथे सरळ "शिक्षक कामचुकार" म्हणून मोकळं व्हायची फॅशन आहे, तर आधी आकडा सांगते. २००० नंतरच्या दशकात भारत, बांगलादेश, इंडोनेशिया, पेरू, इक्वेडोर, युगांडा अशा सहा देशांत न सांगता शाळांत जाऊन मोजलं होतं, सरासरी १९ टक्के शिक्षक जागेवर नव्हते, भारतात २५ टक्के. भयंकर आहे, मान्य. पण आमच्या शाळेत मी जे बघितलं त्यात बाई घरी नसायच्या, त्यांना पाठवलेलं असायचं. कुठला तरी सर्व्हे, कुठली तरी यादी, ट्रेनिंग, ऑनलाइन माहिती भरा, परत भरा कारण पहिली सेव्ह झाली नाही. एकदा तर बाई वर्गात बसून मोबाईलवर तासभर माहिती भरत होत्या आणि पोरं पाढे म्हणत होती, सतरा सक आल्यावर सगळी अडली, कुणी सांगायला नाही, मग परत एकपासून. असं तीनदा. मी बाहेर उभी होते, हसावं की रडावं कळेना.

आणि चौथी. गेल्या वर्षी सत्राच्या मधेच बाईंची बदली झाली. त्यांनीच मागितली होती, आणि त्यांना मी दोष देत नाही, त्यांचं घर लांब, रोजचा दोन तास प्रवास, सासरे आजारी. मागितली म्हणजे कुठे? शहराच्या बऱ्या भागात. अनुभव वाढला की आधी तिकडे जागा मिळते, इकडे नवीन येतात, ते शिकून तयार झाले की तेही तिकडे. आमची शाळा म्हणजे एक प्रकारे ट्रेनिंग सेंटर झाली आहे. जपान आणि दक्षिण कोरियात सरकारी शिक्षकांना काही वर्षांनी शाळा बदलावीच लागते, आवडो न आवडो, म्हणजे चांगला शिक्षक एकाच वस्तीच्या नशिबात कायम राहत नाही. ते इथे जमेल का यावर नवऱ्याचं आणि माझं एकमत नाही, तो म्हणतो जबरदस्ती केली तर लोक नोकरीच सोडतील, अवघड शाळेत टिकणाऱ्याला पैसे जास्त द्या. मी म्हणते दोन्ही करा.

पैशांचा विषय निघालाच तर. "सरकारी शाळांवर पैसा ओतून काही होत नाही" हे वाक्य मी निदान पन्नास वेळा ऐकलंय, जास्त करून ज्यांची पोरं सरकारी शाळेत नाहीत त्यांच्याकडून. याचं मूळ बहुतेक १९६६ च्या कोलमन रिपोर्टमध्ये आहे, अमेरिकेत सहा लाखांच्या आसपास पोरं तपासून त्यांनी सांगितलं की मार्कांतला फरक शाळेच्या सोयींपेक्षा घरच्या परिस्थितीने जास्त ठरतो. यातून लोकांनी काढलं की शाळेने काही होत नाही. मला यातून काकूंचं "रिझल्ट चांगला आहे" आठवतं, म्हणजे ज्या शाळेत शिकलेल्या आईबापांची पोरं येतात तिचा रिझल्ट चांगला असणारच, त्यात शाळेने काय केलं ते वेगळं काढून दाखवा ना. नंतर, २०१६ मध्ये, जॅक्सन, जॉन्सन आणि पर्सिको या तिघा संशोधकांनी कोर्टाच्या निकालांमुळे जिथे शाळांचा खर्च वाढला तिथली पोरं मोठी होईपर्यंतचा हिशेब मांडला. शाळेची बाराही वर्षं दर पोरामागे खर्च १० टक्के जास्त असेल तर गरीब घरातली पोरं सुमारे अर्धं वर्ष जास्त शिकली आणि मोठेपणी त्यांचा पगार साडेनऊ टक्क्यांच्या आसपास जास्त होता. तर पैशाने होतं. मधेच बंद न करता, पगार आणि वर्गसंख्या अशा कंटाळवाण्या जागी गेला तर होतं.

आणि पैसा येतो कुठून यातही गंमत आहे. अमेरिकेत टेक्सासमध्ये सॅन अँटोनियो शहरात दोन शाळा-जिल्हे होते, म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणारे विभाग, एजवूड गरीब आणि अलामो हाइट्स श्रीमंत. १९६७-६८ मध्ये एजवूडमध्ये दर पोरामागे ३५६ डॉलर, अलामो हाइट्समध्ये ५९४. कारण शाळेचा मोठा पैसा तिथल्या घर-जमिनीच्या करातून. आता तुम्ही म्हणाल एजवूडवाल्यांनी कर जास्त भरावा, तर ते दर जास्तच भरत होते! घरंच स्वस्त, म्हणून गोळा होणारी रक्कम कमी. पालक कोर्टात गेले, सुप्रीम कोर्टात १९७३ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी हरले. हे वाचताना मला जोतीराव फुले आठवले, १८८२ मध्ये इंग्रज सरकारच्या शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे त्यांनी हेच तर मांडलं होतं की सरकारचा महसूल येतो रयतेच्या घामातून आणि शिक्षणाचा खर्च होतो वरच्या वर्गाच्या पोरांवर, आणि बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा म्हणून मागणी केली होती. दोन टोकांचे देश, नव्वद वर्षांचं अंतर, तक्रार एकच.

फिनलंडबद्दल कुणीतरी खाली लिहीलच म्हणून आधीच लिहून टाकते. हो, चांगलं आहे. १९७२ पासून त्यांनी सगळ्या पोरांसाठी एकच शाळा आणली, सुरुवात उत्तरेच्या लॅपलंडपासून केली, राजधानीपासून नाही, हा भाग मला फार आवडतो. शिक्षकाला मास्टर्स लागते. पण त्यांचेही मार्क घसरलेत, पिसा या आंतरराष्ट्रीय परीक्षेत गणितात २००६ ला ५४८ होते, २०२२ ला ४८४. तेव्हा फिनलंड म्हटलं की हात जोडायची गरज नाही.

आणि शाळांना रेटिंग द्या, मार्कांवर बक्षीस-शिक्षा ठेवा म्हणणाऱ्यांसाठी एकच गोष्ट: अमेरिकेतलं अटलांटा शहर, २०११. राज्याने चौकशी केली, ५६ शाळा तपासल्या, ४४ मध्ये कॉपी निघाली, आणि ती पोरांनी केलेली नाही, १७८ शिक्षक आणि मुख्याध्यापक त्यात अडकले. पोरांच्या उत्तरपत्रिका खोडून बरोबर केलेल्या. विचार करा, ज्या पोराला येत नाही त्याच्या पेपरावर येतं असं दिसलं तर त्याला शिकवायला कोण येणार? तेच आमच्या धाकटीचं "उत्तम".

तर आता गेलेल्या स्टारचं. बाई गेल्यावर वाचनाचा तास बंद झाला. कुणी बंद करा म्हटलं नाही, नवीन बाई आल्या, चांगल्या आहेत, तरुण आहेत, पोरांत रमतात, पण त्यांना कुणी सांगितलंच नाही की असं काही इथे होतं. तो कागद शाळेचा नव्हता, बाईंचा होता, त्या प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायच्या आणि पिशवी त्यांच्यासोबत गेली. हे कळल्यावर मला फार राग आला, बाईंवर नाही, आपणा सगळ्यांवर. जी गोष्ट शाळेत सगळ्यात चांगली चालली होती ती शाळेच्या एकाही रजिस्टरमध्ये नव्हती. टॅब्लेटची नोंद आहे, नंबरसकट.

आमच्या धाकटीला आता काही फरक पडत नाही, ती वाचते, हातात मिळेल ते वाचते, औषधाच्या बाटलीवरचं सुद्धा. पण तिनेच सांगितलं की खाली दुसरीत एक नवीन मुलगी आली आहे, कविता सगळ्या पाठ, पुस्तकावर बोट फिरवते. धाकटीने मधल्या सुट्टीत तिच्या चित्रावर हात ठेवून बघितला म्हणे, ती मुलगी रडायला लागली, म्हणून काढून घेतला.

शाळा घ्यावी का विचाराल तर घ्या, पण आधी आठवडाभर सकाळी जाऊन व्हरांड्यात उभं राहा आणि कोण कुणाला काय वाचायला देतंय ते बघा. हेडसरांना रिझल्ट विचारू नका, वर्गात सगळ्यात मागे असलेल्या पोराला गेल्या महिन्यात काय नवीन यायला लागलं ते विचारा. पटकन नाव घेऊन सांगितलं तर बिनधास्त घाला. दार लागत नाही, ते उचलून लावायचं, सवय होते.

जुन्या बाईंना फोन केला होता, त्यांनी कागदाचा फोटो पाठवलाय. सोमवारी प्रिंट काढून नवीन बाईंकडे जाणार आहे, यावेळी भांडायला नाही. काय झालं ते इथेच खाली अपडेट करते, तोपर्यंत साडेतीनच राहू देत.